पिकअपचा पत्रा: दाबून कळतो तो ताठपणा, दणकटपणा नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: नव्या पिकअपच्या दारावर किंवा बॉनेटवर तळवा दाबला की पत्रा आत जातो आणि ‘टक्’ असा आवाज करून बाहेर येतो. जुन्या गाड्यांत असे होत नसे. मग पत्रे खरोखर कमजोर झाले आहेत का, आणि आज मिळणाऱ्या पिकअपमध्ये बॉडी दणकट कोणाची म्हणायची?

पत्रे पातळ झाले आहेत, हे खरे. पण अख्ख्या गाडीला ‘दणकट’ किंवा ‘पोकळ’ असा एकच शिक्का मारता येत नाही, कारण एकाच पिकअपमध्ये बॉनेट एका धातूचे, फेंडर (चाकावरचा पत्रा) दुसऱ्या धातूचा आणि हौदा (मागचा सामानाचा भाग) तिसऱ्याच कशाचा असू शकतो. शिवाय पत्रा दाबला जाणे, त्याला कायमचा पोचा पडणे, त्याला भोक पडणे आणि तो गंजणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत वरचढ असलेला पत्रा दुसरीत मार खातो. तुलना करायची तर आपल्या गाडीला रोज नेमके काय लागते ते आधी ठरवावे लागते.

तळव्याखाली पत्रा किती वाकतो हे त्याच्या ताठपणावर ठरते. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो आणि धातूच्या लवचिकता गुणांकावर अवलंबून असतो; हा गुणांक जितका मोठा, तितका धातू कमी वाकतो. हा गुणांक साध्या पोलादात आणि उच्च ताकदीच्या पोलादात सारखाच असतो, सुमारे 210 गिगापास्कल. पोचा कायमचा राहतो की निघून जातो, हे मात्र धातू किती ताणाला कायमचा वाकतो यावर, म्हणजे त्याच्या नतीबलावर ठरते. तिथे ढोबळ हिशेब नतीबल गुणिले जाडीचा वर्ग असा धरतात.

आता आकडे घालून पाहा. जुना साधा पत्रा 0.8 मिमी जाड, नतीबल 170 मेगापास्कल: 170 गुणिले 0.64, म्हणजे साधारण 109. नवा पत्रा 0.65 मिमी, नतीबल 260: 260 गुणिले 0.4225, म्हणजे साधारण 110. पोचा झेलण्याची कुवत दोघांची सारखी. पण ताठपणा? 0.8 चा घन 0.512 आणि 0.65 चा घन 0.275, म्हणजे नव्या पत्र्याचा ताठपणा जेमतेम 54 टक्के. म्हणून नवा पत्रा हाताखाली डब्याच्या झाकणासारखा वाटतो, आणि तरीही त्याला पोचा जुन्यापेक्षा सहज पडतो असे नाही. दाबल्यावर पत्रा लवला म्हणून गाडी नापसंत करणारे चुकतात ते इथेच.

ही वाढीव ताकद येते कुठून, तेही समजून घ्या. बाहेरच्या पत्र्यांसाठी भट्टीत कडक होणारे पोलाद वापरतात. साच्यात दाबताना ते मऊ असते, म्हणून रेषा आणि कडा नीट उमटतात. मग रंगाच्या भट्टीत साधारण 170 अंश सेल्सियसला 20 मिनिटे गेले की नतीबल 30 ते 40 मेगापास्कलने वाढते. ॲल्युमिनियमच्या 6000 मालिकेतल्या मिश्रधातूंचेही असेच आहे: साच्यात जाताना नतीबल 110 ते 140, आणि रंगभट्टीतून बाहेर पडताना त्याहून बरेच वर, साधारण 200 च्या आसपास.

ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त वाकते: त्याचा लवचिकता गुणांक 70 गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या एक तृतीयांश. तेवढाच ताठपणा हवा तर जाडी 1.44 पट करावी लागते. म्हणून 0.7 मिमी पोलादाच्या जागी साधारण 1 मिमी ॲल्युमिनियम येते, आणि तरीही वजन निम्म्यावर राहते. एक चौरस मीटर 0.7 मिमी पोलाद साडेपाच किलो भरते, 1 मिमी ॲल्युमिनियम 2.7 किलो. नतीबल 200 धरले तर सावकाश पडणाऱ्या दाबाला हा ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाला सहज मागे टाकतो. कोणी कोपराने रेलले, कोणी फेंडरवर गुडघा टेकवला, तर 1 मिमी ॲल्युमिनियम चांगले टिकते.

झटक्याच्या माराचे गणित वेगळे. मऊ पोलाद अचानक ताणले की त्याची ताकद तेवढ्या क्षणापुरती वाढते. ॲल्युमिनियममध्ये हे जवळजवळ होत नाही, आणि पत्र्याचे स्वतःचे वजनही कमी असते. त्यामुळे गारा, उडालेला खडा किंवा शेजारच्या गाडीच्या दाराचा ठोका यांत सावकाश दाबाच्या वेळची आघाडी बरीचशी निघून जाते. गारांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा: गारेची ऊर्जा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. 25 मिमीची गार ढोबळमानाने 2 ज्यूलने आदळते, 50 मिमीची 30 ज्यूलने. पहिलीला बहुतेक पत्रे पचवतात, दुसरीपुढे कोणत्याही रोजच्या पिकअपचे बॉनेट टिकत नाही. मग 0.65 की 0.7 हा वाद उरतच नाही.

कोणत्या गाडीत काय आहे

फोर्ड एफ-150 ने 2015 च्या मॉडेलपासून केबिन आणि हौदा दोन्ही ॲल्युमिनियमचे केले, चेसिस पोलादाचीच ठेवली. त्या बदलात वजन सुमारे 700 पौंडांपर्यंत, म्हणजे 318 किलोपर्यंत उतरले. 2017 पासून फोर्डच्या जड कामाच्या सुपर ड्यूटी पिकअपलाही ॲल्युमिनियमचीच बॉडी. जाहिरातीत ‘लष्करी दर्जाचे ॲल्युमिनियम’ असे म्हटले जाते, त्यावरून पोच्याविषयी काहीच कळत नाही. मिश्रधातू कोणता, त्याला उष्णतेची कोणती प्रक्रिया दिली आणि जाडी किती, एवढेच विचारावे.

शेव्हरोले सिल्व्हराडो 1500 ने 2019 पासून मिश्र मार्ग धरला. उघडझाप होणारे भाग, म्हणजे दरवाजे, बॉनेट आणि फाळका (हौद्याचे मागचे दार), ॲल्युमिनियमचे. स्थिर भाग, म्हणजे फेंडर, छप्पर आणि हौदा, पोलादाचे. हौद्याच्या तळाच्या पोलादाचे नतीबल आधीच्या 340 वरून 500 मेगापास्कलवर नेले. मला ही विभागणी विचारपूर्वक केलेली वाटते. दार हलके झाले की बिजागऱ्या कमी झिजतात, आणि दगडविटा जिथे पडतात तिथे पोलाद राहते. रॅम 1500 मध्ये 2019 पासून बॉनेट आणि फाळका ॲल्युमिनियमचे आहेत, बाकी बाहेरचे बहुतेक पोलाद. जीप ग्लॅडिएटरमध्ये दरवाजे, बॉनेट, फेंडर, फाळका, इतकेच काय, दारांच्या बिजागऱ्या आणि पुढच्या काचेची चौकटही ॲल्युमिनियमची आहे.

टोयोटाने टॅकोमाच्या हौद्याचा आतला भाग 2005 पासून काचतंतू मिसळलेल्या, साच्यात दाबलेल्या कंपोझिटचा केला, आणि 2022 च्या टुंड्राला ॲल्युमिनियमच्या आधारांवर बसवलेला तसाच हौदा दिला. जीएमसी सिएराच्या काही महागड्या प्रकारांत 2019 पासून कार्बन तंतूंचा हौदा मिळू लागला. तो पोलादी हौद्यापेक्षा 62 पौंड, म्हणजे सुमारे 28 किलो हलका.

टेस्ला सायबरट्रक या सगळ्यांहून वेगळा. त्याचे बाहेरचे पत्रे रंग नसलेल्या स्टेनलेसचे, साधारण 1.4 ते 1.8 मिमी जाड. 1.4 मिमी म्हणजे 0.7 च्या दुप्पट, आणि सपाट पत्र्याचा ताठपणा जवळपास आठ पट. बाजारातल्या ट्रॉलीने किंवा दाराच्या ठोक्याने त्याला पोचा पडणे अवघड, हे मान्य करायलाच हवे. पण पत्रा जाड असला तरी तो गाडीला कसा जोडला आहे हा वेगळा प्रश्न आहे. छपराच्या कडेची स्टेनलेसची पट्टी चिकटद्रव्य सुटून निघू शकते म्हणून मार्च 2025 मध्ये 46,000 हून अधिक सायबरट्रक परत बोलावले गेले. पत्रा जाडीला पास आणि जोडाला नापास, असे होऊ शकते ते असे.

हौदा: खरी परीक्षा इथे

बॉनेटवर पोचा पडला तर मन खट्टू होते, पण हौद्याला भोक पडले तर गाडीचे काम अडते. म्हणून पिकअपची तुलना करताना सर्वांत जास्त वेळ हौद्याला द्यावा.

2016 मध्ये शेव्हरोलेने एक जाहिरात काढली. त्यात 825 पौंड वजनाचे बागकामाचे सिमेंटचे ठोकळे पाच फुटांवरून सिल्व्हराडोच्या पोलादी आणि एफ-150 च्या ॲल्युमिनियमच्या हौद्यात ओतले. पोलादी तळाला पोचे आणि ओरखडे आले, ॲल्युमिनियमचा तळ फाटून भोके पडली. जाहिरात स्पर्धकाची होती आणि दोन्ही हौदे अस्तराशिवाय उघडे होते, हे विसरू नये. पण त्यामागचे कारण खरे आहे. मऊ पोलाद तुटण्याआधी 40 टक्क्यांच्या आसपास ताणले जाते, 6000 मालिकेतले ॲल्युमिनियम साधारण 20 ते 25 टक्के. बोथट वस्तू पडली तर दोघांना पोचाच पडतो. टोकदार कोपरा पडला की ताण नखाएवढ्या जागेत एकवटतो आणि कमी ताणला जाणारा धातू आधी फाटतो. नुकतीच रिकामी केलेली लोखंडी हत्यारपेटी कठड्यावरून कोपऱ्यावर पडली, तर ती पन्नास किलोच्या पोत्यापेक्षा जास्त नुकसान करते.

तळाचा पत्रा किती जाड, यापेक्षा त्याच्याखालचे आडवे पट्टे किती अंतरावर आहेत हे आधी पाहा. दोन पट्ट्यांमधला पत्रा भाराखाली किती वाकेल हे त्या अंतराच्या घनाप्रमाणे वाढते. अंतर 300 मिमीवरून 400 वर गेले तर वाकणे जवळजवळ 2.4 पट. गाडीखाली टॉर्च घेऊन जा, पट्टे मोजा, मेजर टेपने सर्वांत मोठे अंतर घ्या. तळाच्या पन्हाळी किती खोल आहेत तेही पट्टी टेकवून मोजा. उथळ पन्हाळी दिसायला नीटनेटक्या असतात, पण भाराखाली चटकन सपाट होतात.

अस्तराबाबत बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. फवारलेले पॉलियुरेथेनचे 2 ते 3 मिमी अस्तर ओरखडे आणि गंज अडवते, टोकदार मार फारसा पसरवत नाही. मार पसरवायचा तर 8 ते 10 मिमी जाड रबरी चटई हवी. दगड, विटा किंवा भंगार नेत असाल तर तळाशी 12 मिमी प्लायवूड आणि त्यावर चटई टाका. ही जोडी ॲल्युमिनियमच्या हौद्याला पोलादाच्या बरोबरीने वागवू देते. वरून ठेवायचे प्लास्टिकचे तयार अस्तर घेतलेच, तर वर्षातून दोनदा उचलून खालची माती धुवा. माती आणि पाणी अडकते, गाडीच्या कंपनाने प्लास्टिक घासत राहते, आणि रंग खरवडून पत्रा उघडा पडतो. वरून काहीच दिसत नाही.

कंपोझिटचा हौदा गंजत नाही आणि त्याला पोचाही पडत नाही. तो मार झेलतो किंवा तडकतो, मधली अवस्था फारशी नसते. तडा बहुधा कोपऱ्यात किंवा बोल्टच्या भोवती सुरू होतो. वर काही बसवायचे असेल तर कंपोझिटमध्ये थेट बोल्ट आवळू नका; मागे 40 ते 50 मिमी व्यासाचा वॉशर किंवा धातूची पट्टी द्या, आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कपुढे जाऊ नका. हाताने ‘अजून एक वेढा’ दिला की आतले तंतू चिरडतात आणि महिन्याभराने बोल्ट ढिला मिळतो.

गंज

पोलादी पत्र्यावर जस्ताचा थर असतो, दर बाजूला साधारण 7 मायक्रॉन, त्यावर विजेच्या टाकीत बसवलेला प्रायमर सुमारे 20 मायक्रॉन. सपाट भागावर हे वर्षानुवर्षे टिकते. गंज धरतो तो दाराच्या खालच्या दुमडलेल्या कडेला, मागच्या चाकाच्या कमानीच्या ओठाला, केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला आणि हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या जोडाला. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके बारीक काडीने मोकळी ठेवा. बहुतेक दारे आतून कुजतात ती ही भोके चिखलाने बुजल्याने.

ॲल्युमिनियम लाल गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बॉनेटच्या पुढच्या दुमडलेल्या कडेला रंगाखाली बारीक फोड आणि दोऱ्यासारख्या रेषा दिसू लागल्या, तर तो ॲल्युमिनियमचाच गंज आहे. रंग कडेवर पातळ बसतो, खडीने टवका उडतो, मीठ किंवा ओल आत शिरते. दुसरे कारण पोलादाशी थेट संपर्क. ॲल्युमिनियमच्या फाळक्यावर नुसता पोलादी किंवा स्टेनलेसचा स्क्रू मारला की ओल आल्यावर त्याच्याभोवतीचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडते. थर दिलेले बोल्ट, नायलॉनचा वॉशर आणि भोकाच्या कडेला प्रायमर, हे तीन असल्याशिवाय ॲल्युमिनियमला भोक पाडू नये. स्टेनलेसवरही लोखंडाचे कण पडून राहिले तर नारिंगी ठिपके उठतात. ते बहुधा त्या कणांचे असतात, पण वेळेत पुसले नाहीत तर डाग खाली उतरतो.

दुरुस्ती

पोलादाचा पोचा बहुतेक कसबी कारागिराला निघतो: मागून डॉली (टेकू म्हणून धरायचा लोखंडी ठोकळा), पुढून हातोडी, किंवा खिळे वेल्ड करून ओढणे. ॲल्युमिनियम जास्त उसळी घेते, ओढल्यावर पुन्हा मागे जाते, आणि हातोडीच्या दोन ठोक्यांतच ताणून मोठे होते. तापवून काम करावे लागते, पण 200 अंशांच्या वर फार वेळ राहिले तर 6000 मालिकेची ताकद उतरते. शिवाय पोलाद घासलेल्या ग्राइंडरची चकती ॲल्युमिनियमवर चालवली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि काही महिन्यांनी नव्या रंगाखाली फोड येतात. म्हणून दुरुस्ती कुठे करायची ते ठरवताना ‘ॲल्युमिनियमसाठी हत्यारे वेगळी ठेवता का, आणि ते काम पडदे लावून वेगळ्या केलेल्या जागेत करता का?’ हे आधी विचारा. ॲल्युमिनियमच्या केबिनचे जोड बरेचसे रिव्हेट आणि चिकटद्रव्याने केलेले असतात, तिथे वेल्डिंग करून वेळ मारून नेणारा माणूस नको. रंग नसलेल्या स्टेनलेसवर पुट्टी चालतच नाही. पोचा पडलाच तर पत्रा बदलणे हाच मार्ग.

दोन गाड्या शेजारी ठेवून तपासायच्या तर

मऊ कापडात गुंडाळलेले छोटे चुंबक घ्या आणि बॉनेट, फेंडर, दार, छप्पर, हौद्याची बाहेरची बाजू, फाळका असे क्रमाने लावत जा. चिकटते तिथे पोलाद. चिकटत नाही तिथे ॲल्युमिनियम, कंपोझिट किंवा जाड पुट्टी. टिचकी मारली की आवाजावरून फरक कळतो. मग लोह आणि अलोह दोन्ही धातूंवर चालणारे रंग मोजायचे यंत्र लावा. कारखान्याचा रंग बहुधा 100 ते 150 मायक्रॉन असतो. 300 च्या पुढे गेला तर रंगकाम झाले आहे, आणि हजाराच्या घरात असेल तर खाली पुट्टी आहे. दाबून पाहायचेच असेल तर अंगठा नको, तळव्याची टाच वापरा, आणि दोन्ही गाड्यांत एकाच जागी दाबा: बॉनेटच्या आतल्या दोन पट्ट्यांमध्ये, दाराच्या हँडलखाली, मागच्या चाकाच्या कमानीवर, छपराच्या मध्यभागी. ‘टक्’ वाजले म्हणजे तिथे वक्रता कमी आहे किंवा आतल्या आधाराचे चिकटद्रव्य सुटले आहे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एक वाजते आणि एक वाजत नाही, तर दुसरी शक्यता धरा.

पत्रा जाड म्हणजे अपघातात सुरक्षित, हा हिशेब मात्र करू नका. धडकेचा भार चेसिस, खांब, दारातल्या आडव्या दांड्या आणि उष्ण साच्यातले 1500 मेगापास्कलच्या वर्गाचे पोलाद झेलते. बाहेरच्या पत्र्याचा त्यात वाटा नगण्य आहे, आणि बॉनेट तर पादचाऱ्याच्या डोक्यासाठी मुद्दाम दबेल असे करतात.

माझी निवड विचाराल तर: सुटे दगड, भंगार, लोखंड रोज वाहायचे असेल तर पोलादी हौदा आणि जाड चटई. खारी हवा, मासळी, खत किंवा मीठ यांच्याशी गाठ असेल तर कंपोझिट हौदा, त्याखालोखाल ॲल्युमिनियम. शहरातल्या अरुंद पार्किंगमध्ये दारांना ठोके बसत असतील तर पत्र्यापेक्षा दाराचा आकार पाहा: मधोमध उठावदार रेघ आणि फुगीर वक्रता असलेले 0.65 चे दार सपाट 0.75 च्या दारापेक्षा बरे टिकते.

बदली फेंडर घेताना ही सारी तुलना पुन्हा करावी लागते, कारण स्वस्त बिगर-कंपनी पत्रा बहुधा साध्या पोलादाचा असतो आणि भट्टीत कडक होणारा नसतो. गॅरेजची रंगभट्टी 60 अंशांच्या आसपास चालते, तिथे तो कडक होणारही नाही. जुना आणि नवा फेंडर तराजूवर ठेवा. नवा दहा टक्क्यांनी हलका भरला तर परत करा. मग आतल्या बाजूने थिनरमध्ये भिजवलेले फडके घासा. काळा रंग फडक्यावर उतरला तर तो प्रायमर नव्हे, नुसता फवारलेला रंग आहे, आणि असा फेंडर बसवण्याआधी आतून-बाहेरून खरवडून इपॉक्सी प्रायमर मारावाच लागेल.